तिसऱ्या खांबाचा कागद

११ मार्च, मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेच्या संगणकावरच्या गटात सभासद नऊ, त्यांनी जमा केलेले कुलूपबंद कागद चार हजार तीनशे बारा, आणि ‘तिसरा खांब, तडा’ या शब्दांशी जुळणारा कागद एक.

“एकच! पण कोणाचा?” पूल-तपासणी प्रयोगशाळेच्या साहेबांनी टेबलावर बोटे वाजवली.

“ते यंत्र सांगत नाही, साहेब. किती आहेत एवढंच सांगतं. कागद उघडतो तो ज्याचा त्याच्याच किल्लीनं,” अभिलेख सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या.

पूल निर्दोष असल्याच्या दाखल्यावर सही साहेबांची होती आणि तिसऱ्या खांबाच्या तड्याची चौकशी करायला बारा वाजता समिती येणार होती.

“तडा होताच कुठे? कुणीतरी घरभेदी आहे. सापडू दे, आजच घरी बसवतो.”

ताईंनी यादीवरून नजर फिरवली. त्या नऊ जणांत त्यांची भाची होती. आईवेगळी, त्यांनीच वाढवलेली, आणि तोंडावर खरे बोलण्याची खोड असलेली. गेल्याच महिन्यात जेवताना ती म्हणाली होती, “मावशी, त्या तिसऱ्या खांबात काहीतरी पाणी मुरतंय.”

“सभासद गटातून काढला, की त्याचे कागद शोधातून वगळले जातात ना?” साहेबांनी विचारले.

“जातात.”

“मग एकेकाला काढा. ज्याला काढल्यावर आकडा शून्य होईल, तोच चोर!”

ताईंनी पहिले नाव काढून पुन्हा शोध घेतला. एक. दुसरे काढले. एक. भाचीचे नाव त्या मागे मागे ठेवत होत्या.

“हा चष्मेवाला असणार. गरीब गाय, पोटात पाय!” साहेब म्हणाले.

चष्मेवाला गेला. आकडा हलला नाही.

“मग तो भांडकुदळ.”

तोही गेला. सात जण गेले, तरी एक तो एकच. यादीत आता दोनच नावे होती, साहेबांचे आणि भाचीचे.

साहेब हसले. “काय हो ताई, काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“साहेब, पोर अजाण आहे. मी समजावते तिला. नोकरीवर घर चालतंय हो.”

“काढा.”

ताईंनी कळ दाबली. भाचीचे नाव गेले. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. साहेबांनी बडतर्फीचा कोरा नमुना पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले.

चक्र थांबले.

सभासद : एक. जुळणारे कागद : एक.