मालक घरी नाहीत

केशोरी अजून बरंच लांब होतं आणि सायकलची चेन तुटली.

छोटेलालनं ती दगडानं ठोकून पाहिली. हात तेवढे काळे झाले. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मध्ये धुळीचा रस्ता, आणि त्यावर गोंदियाचा हा एकटा कापड दुकानदार. उद्या गोरजाला तिथं भाचीचं, सुलोचनाचं, लग्न. मामाशिवाय नवरीला मांडवात आणणार कोण? शिवाय तिचे सोन्याचे दागिने मामाच्याच पिशवीत होते. अर्जुनी मोरगावात लोक बजावत होते, आज मुक्काम करा, सकाळी बैलगाड्या निघतील त्यांच्यासोबत जा. पण रात्रीची हळद चुकेल म्हणून हे महाशय निघाले. छोटेलालनं कधी कुणाचं ऐकलंय!

वळणावर घर दिसलं. एकच. अंगणात एक म्हातारी वाळलेली मोहफुलं टोपलीत भरत होती. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, हात मोकळे, मनगटापासून कोपरापर्यंत नुसतं गोंदण.

"कोठी जाऊन राहिला, बाबू?"

"केशोरीले. तार मिलेल का, माय? चेन बांधतो."

म्हातारीनं आधी कलत्या सूर्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"तार कायले? आज येथीच राह्य. सकाळी जाजो. रुख्माच्या घरची पेज गोड लागते म्हनतेत लोक."

"नाही माय, घाई आहे."

"सांज झाली का मालक येतेत या रस्त्यानं," ती आवाज उतरवून म्हणाली. "त्याइच्या आंधी अंदर चाल."

"कोण मालक? नाव काय त्यांचं?"

"नाव घेऊ नाही, बाप्पा."

छोटेलालला हसू आलं. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव घेणार कशी? त्याची बायको सुशीलाबाईसुद्धा उखाण्याशिवाय घेत नसे. तार मिळेपर्यंत पेज तरी प्यावी म्हणून तो आत गेला. तेवढ्यात म्हातारीनं त्याची सायकलही ओढून आत घेतली.

घर मातीचं, पण दाराला सागाच्या जाड फळ्या आणि आतून लावायला दंडाएवढा जाड अडसर. असल्या घराला एवढं दार कशाला, हे त्याला कळेना. दाराशी कुऱ्हाड टेकवलेली होती. त्यानं पेज प्यायली आणि मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर खुंट्यांना जोडे टांगलेले. शहरी बूट, गावठी वहाणा, एक पोस्टमन घालतात तशी चामडी चप्पल. सगळे एकेकाच पायाचे.

त्यानं पिशवी छातीशी ओढून घेतली.

मागच्याच महिन्यात गोंदियाच्या टॉकीजमध्ये त्यानं एक सिनेमा पाहिला होता. रानातलं एकटं घर, वाट चुकलेला मुसाफिर, त्याला प्रेमानं जेवू घालणारी म्हातारी, आणि तिचा कुऱ्हाडवाला नवरा. सकाळी मुसाफिराची फक्त पगडी उरते. त्या रात्री छोटेलाल दिवा न विझवता झोपला होता.

"हे... हे जोडे कोणाचे, माय?"

"वाटसरूइचे. तुह्यासारखेच होते. थांब म्हनलं तं थांबले नाहीत. मालकानं नेले."

बैल बाजारात नेले म्हणावं, तसं म्हणाली.

"आणि जोडे?"

"थे राहून जातेत. मी आनून ठेवते. कोनी मानूस पुसत आला तं दाखवाले." मधली एक जुनी वहाण तिनं पदरानं पुसली. तिचे डोळे भरून आले होते. चुलीच्या धुरानं असतील.

"पिशवी खाली ठेव ना, बाबू. काऊन कवटाळून बसला?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही, पण इथं तर राक्षसिणीनं स्वतःच जेवू घातलं होतं. म्हातारी चूल फुंकायला वाकली आणि छोटेलाल उठला. सायकल गेली खड्ड्यात. पिशवी छातीशी धरून त्यानं दाराबाहेर उडी टाकली. एक पंपशू उंबरठ्यात अडकून तिथंच राहिला.

"बाबू! पलटून ये! मालक येतेत रे!"

पाठोपाठ रॉकेलचा डबा बडवल्याचा आवाज उठला. ढण् ढण् ढण्. नवऱ्याला बोलावतेय रांड! छोटेलाल आणखी जोरानं पळाला. जितका डबा वाजे तितके त्याचे पाय लांब पडत. म्हातारी काही अंतर मागं आली, आर्जवं करत ओरडत राहिली, मग तिचा आवाज मागं पडला. डबा मात्र वाजतच होता, लांबून.

नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर तो धापा टाकत बसला. पिशवी चाचपली. दागिने जागेवर होते. देव तारी त्याला कोण मारी! उद्या मांडवात ही गोष्ट सांगितली की पाहुण्यांची बोबडीच वळेल. त्याला हसू फुटलं आणि मग थोडं रडूही आलं. सुलोचनाला तो आता आपल्या हातानं मांडवात आणणार होता.

रान एकदम गप्प झालं. मघापासून झाडांवर खिदळणारी माकडंसुद्धा.

त्यानं अनवाणी पायातला काटा काढला. एका पायात पंपशू, दुसरा पाय उघडा. तो त्या पायांकडं बघत राहिला. लुटायचंच तर कुणी एकेक जोडा कशाला ठेवेल? आणि मग त्याला ते मोकळं कपाळ आठवलं. कुंकू नव्हतं. हातात काकणं नव्हती. म्हातारी विधवा होती.

मागं डबा अजून वाजत होता. छोटेलालनं सावकाश वळून पाहिलं. त्याच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये, रस्त्याच्या मधोमध, चार पायांवर मालक उभे होते.