डाव की चूक

दरोडा पडला त्या संध्याकाळी व्हर्लीनचा मुलगा चर्चमध्ये पाळकांच्या गात्या प्रवचनाला ऑर्गनची साथ करत होता. पण त्याचे वकील, त्याच चर्चमधले ब्रदर पेटवे, यांनी पाळकांना साक्षीला बोलावलंच नाही, आणि दरोड्याच्या आरोपाखाली पोर तुरुंगात गेलं. आता अपिलात एकच प्रश्न होता. साक्षीला न बोलावणं हा वकिलाचा डाव असेल तर शिक्षा कायम; हलगर्जी असेल तर खटला नव्याने.

“ब्रदर, नाव राखणार की माझं पोर?” व्हर्लीनने कोर्टाच्या दाराशीच विचारलं.

“नाव काय स्वर्गात न्यायचंय, सिस्टर?”

साक्षीच्या पिंजऱ्यात पेटवेंनी बायबलवर हात ठेवला. “डाव कसला, साहेब. मी चक्क विसरलो.”

मागच्या बाकावर कुणीतरी हळूच ‘आमेन’ म्हणालं.



न्यायाधीश म्हणाले, “अशिलासाठी स्वतःची अब्रू घालवायला निघालेला वकील हलगर्जी असूच शकत नाही. अपील फेटाळलं.”