ऑफिसचं काम

अंधेरीच्या औषध कंपनीतले दर फोनवरून बाहेर फुटत होते, म्हणून नवी टेलिफोन यंत्रणा निवडायचं काम साहेबांनी तिथे काम करणाऱ्या उत्तरावर सोपवलं. तिने सगळ्यांत सुरक्षित होती ती निवडली. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी ऑपरेटर घेणार आणि ऑफिसचं काम असेल तरच आत जोडणार.

"आणि मला तुझ्याशी बोलायचं झालं तर गं?" मुलुंडला घरी तिच्या वडलांनी, अण्णांनी विचारलं.

"ऑफिसचं काम आहे म्हणून ठोकून द्यायचं, अण्णा. सगळे तेच करतात."

पोस्टात जन्म काढूनही घरच्या पत्राचं तिकीट रांगेत उभं राहून विकत घेणारे अण्णा नुसते हसले.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी छातीत कळ आली म्हणून ते शेजारी फोन करायला गेले. परत येऊन आरामखुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. फोन कुणाला केला होता, ते शेजाऱ्यांनाही सांगता येईना.

तेरावं उरकून उत्तरा कामावर आली, तेव्हा ऑपरेटर सुलक्षणा तिच्या टेबलाशी येऊन रडायलाच लागली.

"त्या दुपारी तुझ्यासाठी आलेला तो फोन तुझ्या वडलांचा होता गं. मला काय माहीत! नेहमीसारखं विचारलं, ऑफिसचं काम आहे का?"

"मग?"



"'नाही हो, माझंच आहे,' म्हणाले. आणि 'तुम्हाला उगाच त्रास दिला' म्हणून त्यांनीच फोन ठेवला."