नाव घ्या, मग जेवा

"ही ओळ ज्ञानकोशात शोभत न्हाय, मास्तर." वीरप्पांनी कागद शांतलिंग मास्तरांच्या पुढ्यात सरकवला.

ओळ अशी होती: 'दुष्काळात अन्नछत्रात आलेल्या एका विधवेने संस्थापकाचा जयजयकार केला नाही, म्हणून तिच्या मुलाच्या हातातली भाकरी काढून घेण्यात आली.'

नोंद कळंबच्या दासोह मंडळाची होती. औरंगाबादेत मराठवाड्याचा ज्ञानकोश तयार होत होता आणि कळंबच्या नोंदी शाळेतल्या शांतलिंग मास्तरांकडे आल्या होत्या. नोंद छापण्याआधी संस्थेला दाखवायची, तिची सही घ्यायची, असा कोशाचा नियम. म्हणून मंडळाचे संस्थापक वीरप्पा, धान्याच्या आडतीचे मालक, आज मास्तरांच्या घरी आले होते. एरवी सगळं कळंब त्यांच्या दारात जायचं.

"खोटं आहे का, अण्णा?"

"अन्नछत्र हाय, धर्मशाळा हाय, पोरींची शाळा हाय. ते सोडून हेच दिसलं व्हय तुम्हाला?"

मास्तरांना हेच दिसत होतं. लहानपणापासून वीरप्पांकडे पाहिलं की दुसरं काही दिसतच नव्हतं. नोंदीतला तो मुलगा म्हणजे मास्तर स्वतःच. वडील गेल्यावर आई, जगदेवी, त्यांना घेऊन भूमहून चालत आली होती. पंगत बसली, पत्रावळीवर भाकरी पडली. सगळ्यांनी हात वर करून वीरप्पांचा जयजयकार केला. जगदेवीने महादेवाचा केला. वीरप्पा पुढे आले आणि त्यांनी पोराच्या हातातली मोडलेली भाकरी काढून घेतली. "आधी नाव घ्या, मग जेवा," ते म्हणाले. पोर रडायला लागलं, तेव्हा जगदेवीने त्यांचं नाव घेतलं. आवाज बारीक निघाला म्हणून त्यांनी तिला पुन्हा ओरडायला लावलं. आणि संस्थेचं नाव काय, तर दासोह! दासोहात वाढणारा हा जेवणाऱ्याचा दास असतो. इथं उलटीच गंगा.

जगदेवी त्या पंगतीला पुन्हा कधी गेली नाही. मास्तर मात्र तो दिवस मनात धार लावून ठेवत आले होते. नोंद हाती आली तेव्हा त्यांना खरोखर आनंद झाला. आता सापडलास, असं ते त्या कोऱ्या कागदाला म्हणाले होते.

"साक्षीदार कोण?" वीरप्पांनी विचारलं. "आई सोडून एक माणूस उभा करा. मंग छापा खुशाल."

मास्तरांनी आठवून पाहिलं. त्या पंगतीतले जे कोणी जिवंत होते, ते वीरप्पांच्याच आडतीवर पोती उचलत होते. आणि आधार नसलेली ओळ संपादक घेणार नव्हते.

वीरप्पांना चांगलंच चढलं. जिंकलेल्या माणसाला नम्र व्हायला काही लागत नाही. ते लोडाला टेकले. "म्या काय नावासाठी करतो व्हय? दासोहात देणाऱ्याचं नाव घेत न्हाईत, ही आपली रीत. माझं नाव नसलं तरी चालंल बगा."

असं म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. पाहुण्याने चहा नको म्हणायचं आणि यजमानाने असं कसं म्हणायचं. वीरप्पा थांबले. आता मास्तरांनी 'असं कसं, अण्णा' म्हणायची पाळी होती.

"लई मोठं बोललात, अण्णा," मास्तर म्हणाले. "हे नोंदीत घालू?"

वीरप्पा खुलले. "घाला की!"

मास्तरांनी भाकरीची ओळ खोडली आणि खाली वीरप्पांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. वीरप्पांनी ते मान डोलावत वाचलं आणि ऐटीत सही ठोकली.

ते गेल्यावर जगदेवी आतून बाहेर आली. "माझं तेवढं खोडलंस," ती म्हणाली. "त्याचं समदं ठेवलंस."

"अव्वा, छापून तर येऊ दे."

ती पदर खोचून आत निघून गेली.

कोशाचं पार्सल आलं ते मंडळाच्या वार्षिक पंगतीच्या आदल्या दिवशी. मांडवातच फोडायचं, असा वीरप्पांनी हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी पार्सलला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. पंगती बसल्या. मास्तर वाढायला उभे होते आणि त्यांनी या वेळी आईला आग्रह करून आणलं होतं. पत्रावळीपुढे ती मान खाली घालून बसली होती.

मंडळाचे चिटणीस सिद्धलिंग खड्या आवाजात वाचू लागले. अन्नछत्र आलं, धर्मशाळा आली, शाळा आली. वीरप्पा डोळे मिटून आपल्या नावाची वाट बघत होते. सिद्धलिंगांनी शेवटचं वाक्य वाचलं: "'दासोहात देणाऱ्याचे नाव घेत नाहीत, ही रीत पाळून संस्थापकांनी या नोंदीत आपले नाव येऊ दिलेले नाही.'"

सिद्धलिंगांनी पान उलटलं. पुढे दुसऱ्याच संस्थेची नोंद होती.

मांडवात टाळ्या कडाडल्या. केवढं मन, असं लोक एकमेकांना सांगू लागले. एका म्हाताऱ्याने तर वीरप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. वीरप्पांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भाकऱ्यांची टोपली घेऊन हसत उभे होते. मी असं म्हणालोच नाही, असं म्हणायची सोय नव्हती. त्याच बोलण्याखाली त्यांची सही होती आणि ती पाहूनच संपादकांनी नाव गाळलं होतं. वीरप्पांनी हात जोडले.

मग सवयीने सगळ्या पंगतीचे हात जयजयकाराला वर गेले आणि तिथंच अडकले. नाव घ्यायचं नाही, असं आत्ताच तर वाचलं होतं. कुणी बोलेना, कुणी घास घेईना.

एकटी जगदेवी हात वर करून उठून उभी राहिली. तिने थेट वीरप्पांच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाव सांगा की, अण्णा," ती म्हणाली. "आज म्या लई जोरात घेते."