भर दुपारी फ्रेंच

"यून मेझाँ ब्लांश!" सुहासिनीबाई स्वयंपाकघरात मोठ्यांदा म्हणाल्या. म्हणजे पांढरं घर. दुपारचे दोन वाजले होते.

सदाशिव पेठेत, दुपारी दोनला, मोठ्यांदा! अहो, त्या वेळी तिथे कुकरसुद्धा शिट्टी द्यायला बिचकतो. बाईंचं सगळं फ्रेंच याच वेळात झालेलं. नवरा, श्रीनिवासराव, आत चारपर्यंत घोरायचे आणि बाई पुस्तक उघडून ओठही न हलवता धडे करायच्या. फ्रेंचमध्ये घर आधी, पांढरं नंतर. लहान-मोठं मात्र घराच्याही आधी. सगळं पाठ, पण तोंड एकदाही उघडलेलं नाही. मग व्हायचं तेच झालं. लेखी परीक्षेत बाई वर्गात पहिल्या आल्या आणि तोंडीला आवाजच फुटला नाही.

"काकू, आज साडेचारला तोंडीची शेवटची संधी," शिकवणाऱ्या नीरजानं सकाळी फोनवर बजावलं होतं. "आजही गप्प बसलात तर पुढच्या वर्गात नाही घेता येणार मला."

आणि बाईंना पुढचा वर्ग हवा होता. का, ते विचारू नका. हवा होता.

"यून प्तीत मेझाँ! यून ग्रांद मेझाँ रूज!" लहान घर, मोठं लाल घर. त्यातला तो मेला र घशातून काढायचा असतो. बाईंनी काढला. खाकरल्यासारखा निघाला. पुन्हा काढला.

श्रीनिवासराव डोळे चोळत दारात आले. "घसा बसलाय का? गुळण्या कर मिठाच्या पाण्याच्या."

"फ्रेंच बोलतेय."

"आत्ता? माणूस झोपलाय इथे!"

"मग झोपा की. मी कुठे नको म्हटलं?"

"या वयात फ्रेंच बोलून जायचंय कुठे?"

"कुठ्ठे नाही."

राव जरा नमतं घेऊन म्हणाले, "बरं, म्हण बाई. पण मनातल्या मनात म्हण."

झालं! बाईंचं डोकंच फिरलं. "मनातल्या मनात? लग्न झाल्यापासून दुसरं केलंय काय मी? तुमची झोप मोडू नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत चढवून भांडी घासली. रडले तीसुद्धा चारनंतर! आज नाही जमायचं."

 बाई तरातरा गॅलरीत गेल्या आणि घसा मोकळा करून म्हणाल्या, "यून ग्रांद मेझाँ रूज!"

समोरची खिडकी धाडकन उघडली. शेजारचे श्यामसुंदर बनियनवरच डोकावले. "कोण ओरडतंय हो भर दुपारी?"

"अगं, आत ये, आत ये," मागून राव कुजबुजले.

बाईंनी कठड्यावर दोन्ही हात टेकले.

"मी ओरडतेय! सुहासिनी! आणि चारपर्यंत चालणार आहे!"