आवडीची फ्रेम

त्याने नातं तोडलं त्याला तीन आठवडे झाले होते. रडून रडून डोळे सुजले, लेन्स बसेनात, तेव्हा ती एकटीच चष्म्याच्या दुकानात गेली. चष्मा तिला शोभत नाही हे त्याचं मत, आणि दोन वर्षं ते तिने मुकाट्याने पाळलं होतं. आता सतराव्या वर्षी तिने मनाशी गाठ बांधली होती, यापुढे आपलं आपण ठरवायचं.

दुकानदाराने काउंटरवर वीसेक फ्रेमा मांडल्या. ती एकेक लावून पाहू लागली. नंबराच्या काचांशिवाय आरशातला चेहरा धूसरच दिसत होता. प्रत्येक फ्रेमबद्दल सोडून गेलेला तो काय म्हणाला असता, ते मात्र तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"तुला कुठली आवडली ते सांग पोरी," दुकानदार म्हणाला. "घालायची तुलाच आहे."

बाहेर पायरीवर येऊन तिने आईला फोन लावला.

"आई, लहानपणी मला कुठला रंग आवडायचा गं?"

"तुझं सगळं बाबाच आणायचे. ते आणतील ते तू घालायचीस," आई कौतुकाने म्हणाली. "कधी तक्रार म्हणून नाही."

"आणि तुला? तुला कुठला आवडतो?"

आई हसली.

"बाबा आंघोळीला गेलेत," ती म्हणाली. "आले की विचारून सांगते."