बुवांची कवळी

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी जीभ झडो!

कुरुंदवाडच्या घाटावर उत्सवात रंगोबुवांनी बासरी ओठाला लावली आणि नुसती हवाच निघाली. सकाळी चूळ भरताना त्यांची कवळी नदीत पडली होती. दातांशिवाय सूर कसला?

“यमे, तू वाजव,” मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येकडे वळून ते पुटपुटले.

यमुनेनं तंबोऱ्याआड तोंड लपवलं. नऊ वर्षं शिकली, पण मैफल म्हटली की पोरीला ताप भरायचा.

“वाजवताय, का जाऊ घरला?” समोरून कुणीतरी ओरडलं. लोक उठायला लागले. बुवांची मान खाली गेली.

ते मात्र तिला बघवेना. तिनं त्यांच्या हातातली बासरी ओढून घेतली. पहिला सूर फाटला, दुसरा थरथरला, तिसरा असा लागला की उठलेली माणसं होती तिथंच बसली आणि ऐकायला नदीतल्या मगरी पायऱ्यांवर आल्या.

बरं, एक गोष्ट मी रचली. मगरींची नव्हे, त्या आल्याच होत्या! कवळी पडली नव्हती. ‘यमीला सांगू नकोस’ म्हणून बुवांनीच ती माझ्या बटव्यात लपवली होती.